भंडाऱ्याची चिमूट

भरमूने कमरेच्या बटव्यातून भंडाऱ्याची चिमूट काढली, नळाच्या सांध्यात टाकली, वाकून फुंकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, देवी नको म्हणतीया."

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे तीन वाजत आले होते. खाली नाल्याला लाल गढूळ पाणी होतं आणि बेळगुंदीच्या बाजूचं आभाळ काळं होत चाललं होतं. देवीशी चर्चा करायला मला वेळ नव्हता.

ही १९३८ सालची गोष्ट. ओव्हरसियरीची परीक्षा देऊन पुण्याहून बेळगावात आलो त्याला चारच महिने झाले होते. अंगात कडक इस्त्रीची खाकी आणि डोक्यात त्याहून कडक पुस्तकं. टिळकवाडीकडची घाण वाहून नेणारा बिडाचा नळ दगडी खांबांवरून नाला ओलांडत असे. दोन दिवसांपूर्वीच्या वादळात एक अख्खं झाड वाहत आलं, मधल्या खांबाला धडकलं आणि दोन नळ निखळून पाण्यात पडले. सगळी घाण नाल्यात, आणि नाला जातो वडगावच्या विणकरांच्या दारावरून.

नाल्याचं पाणी भरू नका अशी आम्ही दवंडी पिटली होती. पण वडगावच्या बायका नाल्याचं पाणी भरतच नव्हत्या. काठच्या वाळूत झरे खणायच्या आणि त्यात साठलेलं पाणी वाटीवाटीने घागरीत घ्यायच्या. वाळूतून गाळून येतंय, त्याला काय होतंय, असं म्हणून त्या दिवशीही घागरी भरत होत्या. सकाळपासून दोन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्याची बातमी होती. पटकी हा शब्द अजून कोणी तोंडातून काढला नव्हता.

म्हणून मी वरच्या चेंबरमध्ये वाळूची पोती रचून घाण अडवून धरली होती. पाऊस आला की पोती जाणार आणि दोन दिवसांची तुंबलेली घाण एका लोंढ्याने वडगावात शिरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दोन्ही नळ जागेवर चढले होते. एकच सांधा राहिला होता. त्यात तागाचा पीळ ठासायचा, भोवती मातीचं कडं करायचं आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. अर्ध्या तासाचं काम.

भरमू आमच्या खात्यातला सांधे भरणारा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. घर मूळचं वडगावचंच, पण माग मोडला आणि हा नळाच्या कामाला लागला. लेक अंजनी तिथेच एका विणकराच्या घरात दिली होती. घाणीतला माणूस म्हणून तिच्या सासरी त्याला उंबऱ्याबाहेर बसवत. तो बसायचा, चहा प्यायचा, स्वतःचा पेला विसळून ठेवायचा. प्रत्येक सांध्यात तो आधी भंडारा टाकी. सौंदत्तीच्या देवीहून आणलेला. मजूर हात जोडत आणि मी तोंड फिरवून हसत असे.

त्या दिवशी मात्र हसू आलं नाही, चीड आली. देवीला म्हणावं वडगावात जाऊन बघ, असं काहीतरी मी बोललो. आज आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. त्याने एवढंच सांगितलं की चिंध्या पेटवून सांधा शेकू, तासभर जाईल. मी म्हटलं, तासाभरात पोती गेली तर अंजनीच्या सासरच्यांना काय सांगशील?

त्याने नाल्याच्या खालच्या अंगाला पाहिलं. मग बाकीच्यांना लांब व्हायला सांगितलं, मलाही. स्वतः पीळ ठासला, कडं केलं, शिशाची पळी उचलली आणि ओतली.

आवाज फार मोठा नव्हता. आत कुठेतरी ओल होती, तिची वाफ झाली आणि शिसं उलटं उसळलं. ते सगळं त्याच्या तोंडावर आलं. तो खांबाला धरून हळूच खाली बसला आणि दोन्ही हात डोळ्यांपुढे, पण डोळ्यांना न लावता, धरून राहिला.

तो सांधा नंतर परसू मिस्त्रीने शेकून, वाळवून भरला. त्यात दीड तास गेला. पाऊस आलाच नाही. ढग कडोलीकडे निघून गेले आणि पोती दुसऱ्या दिवशीपर्यंत जागची हलली नाहीत.

दवाखान्यात मी आठ दिवसांनी गेलो. आधी जायचं धाडस झालं नाही. भरमूच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, त्या काढूनही काही उपयोग होणार नव्हता. उशाशी त्याचा बटवा होता. मी विचारलं, देवी काय म्हणते ते तुला कसं कळतं?

"कोरडा भंडारा फुकला की उडतोय," तो म्हणाला. "ओल आसली की चिकटतोय, काळपट पडतोय. माज्या म्हाताऱ्यानं शिकवलंतं."

"मग तसं सरळ का नाही सांगितलंस?"

"आमी कामावर तसंच बोलतोय, साहेब. समद्यास्नी कळतंय. तुमास्नी कळलं न्हाय ते मला दिसलंतं." त्याने चाचपून उशाचा बटवा जवळ ओढला. "पर तुमी अंजनीचं नाव घेतलासा. मग माझाबी धीर सुटला."

त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी बाहेर येऊन व्हरांड्यात रडलो.

पुढच्या पावसाळ्यात तोच नळ पुन्हा निखळला. या वेळी झऱ्यांवर आधीच पहारा बसवला होता. शेवटच्या सांध्यापाशी आलो तेव्हा अंजनी भरमूचा हात धरून काठाने येताना दिसली. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो खांबाशी बसला आणि कमरेचा बटवा सोडून माझ्या दिशेने धरला.

मी चिमूट काढली, सांध्यात टाकली आणि फुंकर मारली. मजूर हात जोडून उभे होते. पश्चिमेला आभाळ भरलं होतं.

"काय म्हणतीया?" भरमूने विचारलं.

"नको म्हणतीया."

"मग बसा."

मी चिंध्या पेटवायला सांगितल्या आणि त्याच्या शेजारी, ओल्या दगडावर बसलो.