कांताबाईंचं कारपेट

आम्रपालीची मारुती व्हॅन सव्वीस वर्षांची होती. दोनदा पासिंग करून वडिलांनी ती तिच्या हवाली केली होती. गेल्या वर्षी तिनं शाळेतली नोकरी सोडून रोपांची नर्सरी काढली आणि तेव्हापासून व्हॅनमध्ये माती, शेणखत आणि कुंड्यांतून गळणारं पाणी यांचाच मुक्काम. आतलं कारपेट कायम ओलं राहायचं. जूनपर्यंत असा वास सुटला की खिडक्या उघड्या ठेवूनही गाडीत बसवेना. शेवटी तिनं जाड रबराचं मॅटिंग मागवलं आणि एका रविवारी धाकट्या भावाला, प्रज्ञेशला, येरवड्याच्या घरी बोलावलं.

"फिटिंगवाल्याकडे दे की," तो म्हणाला.

"तो म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीचं तयार माप मिळत नाही. आपणच कापू."

वडील, नागोराव, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. सरकारी छापखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण दुसऱ्याचं काम तपासायची सवय सुटली नव्हती. "गुंडाळी आधी उन्हात पसर," ते म्हणाले. "नाहीतर कडा उचलत राहतील."

सीटचे बोल्ट गंजले होते. प्रज्ञेशनं तेल मारलं, अर्धा तास थांबला, मग पान्यावर सगळा भार टाकून एकेक सोडवला. सीटा अंगणात मांडल्यावर आम्रपालीनं कारपेटच्या कडेला उलथनं घातलं आणि हळूहळू वर सोलत आणलं. खाली पत्र्यावर तांबूस गंजाचे डाग होते, चिंचोके होते, एक निळं बटण होतं. कारपेट वजनाला ओल्या गोधडीसारखं झालं होतं. त्याच्या तिन्ही तुकड्यांना चारही बाजूंनी काळी पट्टी शिवलेली होती, हातशिलाईनं, बारीक आणि सरळ.

ती शिलाई दोघांनीही ओळखली. आई, कांताबाई, वस्तीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

व्हॅन घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी दसऱ्याला सगळ्यांनी दीक्षाभूमीला जायचं ठरलं होतं. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे पत्रा तापायचा, मुलांचे पाय भाजायचे. म्हणून आईनं कारपेट आणून स्वतः कापलं होतं. नागपूरपर्यंतच्या प्रवासात दोघं भावंडं सीटांच्या मधल्या जागेत त्यावर झोपली होती. आम्रपालीला आठवत होतं ते एवढंच: खालून येणारी ऊब, चाकांची घरघर, आणि मधूनच अंगावरची चादर सारखी करणारा आईचा हात.

प्रज्ञेशनं गंज घासून रेड ऑक्साइड मारलं. ते वाळेपर्यंत आम्रपालीनं कारपेटचे तीन तुकडे रबरावर ठेवले, खडूनं कड आखली आणि कटर चालवलं. मोठा तुकडा कापून झाल्यावर दोघांनी तो उचलून व्हॅनमध्ये टाकला. तो बसेना. चाकावरच्या उंचवट्यासाठी ठेवलेली खाच उजवीकडे आली होती आणि सीटबेल्टच्या बोल्टचं भोक भलत्याच जागी.

"उलटं आखलंस, ताई. रबराचे दाणे वर होते, कारपेट पालथं होतं."

आम्रपालीनं तुकडा पुन्हा बाहेर ओढला. नागोराव ओट्यावरून उठून आले. आता काहीतरी खोचक ऐकावं लागणार, असं दोघांना वाटलं. त्यांनी वाकून जुन्या कारपेटवरची माती हातानं झटकली.

"हे नीट बघितलं नाहीस वाटतं."

पाठीवर निळ्या मार्कर पेननं मोठी, सुटी सुटी अक्षरं लिहिली होती. एका तुकड्यावर 'खालची बाजू'. दुसऱ्यावर 'यांची जागा'. मोठ्या तुकड्याच्या दोन टोकांना 'आमू' आणि 'प्रदनेश'.

प्रज्ञेश आपल्या नावाकडे बघत राहिला. आई विहारातल्या प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकली होती आणि फार क्वचित लिहायची. ती गेल्यावर त्यानं घरभर शोधलं होतं, पण बँकेच्या पासबुकावरच्या सहीपलीकडे तिचं अक्षर सापडलं नव्हतं.

"तिनंही पहिल्यांदा उलटंच कापलं होतं," नागोराव म्हणाले. "हे दुसरं. लिहून ठेवलं, म्हणजे परत चूक नको."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? मी तिला फार बोललो होतो. शिवणकाम करतेस आणि सुलटं-उलटं कळत नाही, असं. दोन दिवस बोललीच नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी एकटी जाऊन नवा तुकडा घेऊन आली." त्यांनी काळ्या पट्टीच्या शिलाईवरून बोट फिरवलं. "तेव्हा नुसतं हसलो असतो तरी चाललं असतं."

गुंडाळीत अजून पुरेसं रबर होतं. या वेळी नागोराव खाली बसले, कारपेट त्यांनी स्वतः सुलटं ठेवलं आणि खडू आम्रपालीच्या हातात दिला. चार वाजेपर्यंत तिन्ही तुकडे सोल्यूशन लावून चिकटले. कारपेट इतकं कुजलं होतं की ठेवण्यासारखं नव्हतं. प्रज्ञेशनं दोन नावांचे तळहाताएवढे तुकडे कापून घेतले, साबणानं हलक्या हातानं धुतले आणि दोरीवर वाळत घातले. 'यांची जागा' लिहिलेला तुकडा वडिलांनी उचलून आत नेला.

सीटा बसल्यावर तेच म्हणाले, "चला, जरा फिरवून आणा."

आम्रपालीनं गाडी विमानतळाच्या रस्त्याला घेतली. नवं रबर उन्हानं गरम होऊन वास सोडत होतं. नागोराव मागे बसले होते.

"नागपूरहून परत येताना मेहकरच्या पुढे हिनं व्हॅन चालवली होती," ते अचानक म्हणाले. "पहाटे. तुम्ही दोघं झोपला होतात."

आम्रपालीनं आरशात पाहिलं. "आईला गाडी येत होती?"

"येत नव्हती. म्हणाली, अहो, सरकता का जरा? रस्ता रिकामा होता. सरकलो."

"मग?"

"मग काय. तीन-चार किलोमीटर. पहिल्याच गिअरमध्ये."

प्रज्ञेश हसायला लागला. नागोराव खिडकीबाहेर बघत होते, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. परतीचं वळण आलं तेव्हा आम्रपालीनं इंडिकेटर दिला नाही, सरळच पुढे गेली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा, बाबा."