एक आणि चार शाबूत

गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. मिस्त्री गॅरेजमधल्या खड्ड्यात उभे राहून दुसऱ्याच एका गाडीचा सायलेन्सर कसत होते. त्यांनी हात थांबवून ऐकलं. ठोका जड होता आणि खालून येत होता, बंद लाकडी पेटीत हातोडी पडावी तसा. एक्सिलेटर सोडला की जास्त. झडपा हलवणारा टॅपेट असा वाजत नाही; तो शिवणयंत्रासारखा टिकटिकतो आणि वरून येतो.

गाडी धुलाई कंपनीची होती. बावीस वर्षांची, चार सिलिंडरची डिझेल गाडी. रोज तीन दवाखान्यांच्या चादरी पोचवायची. ती चालवत होता मिस्त्रींचा मेहुणा. एक्कावन्न वर्षांचा, डोक्याला टक्कल, पण घरात अजून पिंट्याच.

"या राजे," मिस्त्री खड्ड्यातून म्हणाले. "वाजतगाजत आलात."

"हसून घ्या, दाजी. मला घरी बसवायची तयारी चाललीय तिकडे."

हे मिस्त्रींना माहीत होतं. सकाळीच कंपनीच्या मॅनेजरबाईंचा फोन आला होता. "इंजिन चार महिन्यांपूर्वीच तुम्ही उघडून नीट केलंत. ड्रायव्हर स्वतः सांगतोय की तेलाचा दिवा लागला होता, तरी त्याने गाडी तशीच नेली. इंजिन त्यामुळे गेलं असेल तर मला दोन ओळी लेखी द्या. त्याला ठेवायचं की नाही, ते मला शुक्रवारी ठरवायचंय." आज बुधवार होता.

मिस्त्री कठड्याला धरून वर आले. पाच पायऱ्या चढताना गुडघे आता दोनदा थांबवतात.

"खरंच लागला होता दिवा?"

"सोमवारी. सिग्नलला उभा होतो. ऑपरेशनच्या चादरी होत्या मागे. म्हटलं, दोन किलोमीटर तर राहिलंय." पिंट्याने टकलावरून हात फिरवला. "थांबायला हवं होतं ना?"

"तेल होतं का?"

"सकाळी पट्टी काढून बघितली होती. होतं."

"मग?"

"बघितली होती असं वाटतंय. चार माणसांनी चार वेळा विचारलं, आता माझाच माझ्यावर भरवसा नाही."

"बोनेट उघड," मिस्त्री म्हणाले. "आणि थोडा वेळ तोंड बंद ठेव. मला एका वेळी एकच आवाज ऐकू येतो."

त्यांनी आधी पट्टा उतरवून इंजिन चालू केलं. ठोका तसाच होता, म्हणजे पुली नाही, पाण्याचा पंपही नाही. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनवर ठेवून मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि एकेक जागा ऐकत खाली सरकले. शेवटी डिझेलचे पाइप. एका सिलिंडरचा पाइप सैल केला की त्याचं डिझेल तुटतं आणि त्याच्यावरचा भार जातो. ठोका त्याचाच असेल तर तो दबतो. पहिला सैल केला, फरक नाही. दुसरा केला आणि ठोका अर्ध्यावर आला. तिसऱ्यालाही तसंच झालं. चौथ्याला काही नाही.

दोन आणि तीन. मिस्त्रींनी पाइप पुन्हा कसले.

"काय निघालं?" पिंट्याने विचारलं.

"उघडल्याशिवाय काय सांगू? जा तू. चहा पी, घरी जा."

"चहा उतरत नाही, दाजी."

"मग नुसता घरी जा."

तेल उतरवायला वेळ लागला. त्यांनी ते मोजलं. जेवढं हवं तेवढं होतं. मग इंजिनखालचा तेलाचा चेंबर खाली घेतला आणि दिवा हुकाला लटकवून एकेका रॉडची कॅप सोडवली. रॉड पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडतो. त्याचं खालचं टोक क्रँकला कवेत घेतं, अर्धं रॉडचं आणि अर्धं कॅपचं, आणि दोघांच्या आत शेल असतात, बांगडीचे दोन तुकडे असावेत असे. तेलाचा पातळ थर शेलला क्रँकपासून दूर ठेवतो.

पहिल्याचे शेल निघाले ते करडे, गुळगुळीत, चार महिन्यांचे दिसावेत तसे. चौथ्याचेही तसेच. दुसऱ्याचे जोडाजवळच्या कडेला तांब्यापर्यंत खरवडलेले होते, आणि तिसऱ्याचे उलट्या कडेला.

मिस्त्री खड्ड्यातल्या उलट्या डब्यावर बसले. तेल सगळ्यांना एकाच वाटेने जातं. ते संपलं असतं तर चारही गेले असते, आणि सर्वांत आधी चौथा, कारण तो पंपापासून लांब. फक्त दोघंच जातात, आणि तेही शेजारचे, तेव्हा कारण तेल नसतं.

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि कॅप दिव्याखाली धरल्या. रॉड आणि त्याची कॅप एकत्र जोडून मग गोल कापलेले असतात. एकाची कॅप दुसऱ्याला बसते, पण केसाच्या जाडीने का होईना, भोक गोल राहत नाही. म्हणून सोडवताना खुणा करायच्या असतात. मिस्त्री पोगर ठोकून ठिपके करत, एकाला एक, दोनाला दोन. आणि जोडताना ते ठिपके नखाने वाचत. खड्ड्यात चष्म्यावर तेल उडतं, म्हणून तीस वर्षांची सवय. बाकीचे मेकॅनिक त्यावर थट्टा करत आणि मिस्त्रींना ती थट्टा आवडत असे.

तिसऱ्या रॉडवरून निघालेल्या कॅपवर त्यांचे दोनच ठिपके होते. त्यांच्या शेजारी, त्याच रांगेत, एक जुना खळगा होता, कधीकाळी कोणा दुसऱ्याच्या हातोडीचा. नखाला ते तीन लागत होते. एकदा ही तिसऱ्याची ठरल्यावर उरलेली दुसऱ्याचीच. ती त्यांनी वाचलीही नसेल.

आता आठवत होतं ते सगळं एकाच दिशेचं होतं. जोडल्यावर क्रँक हाताने फिरवली तेव्हा ती एका जागी जड लागली होती. आणि पहिल्याच आठवड्यात पिंट्या म्हणाला होता, "दाजी, सेल्फ मारला की इंजिन जड फिरतंय." तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "नवी चप्पल चावतेच. बसेल." दिव्याचंही कळत होतं. शेल झिजले, फट वाढली, तेलाचा दाब पडला आणि दिवा लागला. दिवा झिजेमुळे लागला होता, आणि पिंट्या समजत होता की झीज त्याच्यामुळे झाली.

मनात आलं ते मिस्त्रींनी नीट तपासलं. शेल फेकून द्यायचे, कॅप जागच्या जागी लावायच्या. कोणी बघायला येणार नव्हतं. ज्याच्यावर आळ होता तो स्वतःच हो म्हणत होता.

संध्याकाळी घरी गेले तर बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"पिंट्याचा फोन होता. रडायचा बाकी होता." तिने वर बघितलं नाही. "तुम्ही तेलाचं लिहू नका. गाडी जुनी झाली असं लिहा."

"जुनी लिहिलं तर गाडी भंगारात काढतील. मग ड्रायव्हर कशाला ठेवतील?"

"मग दुसरं काही लिहा. कोणाला कळतंय?"

"त्याने काही केलेलं नाही."

"माझ्यासमोर तरी त्याची बाजू घेऊ नका. लहानपणापासून बघतेय. दूध उतू गेलं, कोण? पिंट्या. बाबांची सायकल हरवली, कोण? पिंट्या."

"त्यानेच हरवली होती?"

तिचा हात थांबला. "नाही. ती काका घेऊन गेले होते. पण तोवर याने कबूल करून मारही खाल्ला होता."

मिस्त्री खाटेच्या कडेला टेकले. "कॅपची अदलाबदल झालीय. माझ्या हातून."

ती बराच वेळ एकच शर्ट हाताने सपाट करत राहिली. कंपनीच्या तीन गाड्या म्हणजे दुकानाचं निम्मं काम, हे तिला सांगायची गरज नव्हती. एकीकडे सख्खा भाऊ होता. दुसरीकडे ज्यावर हे घर चालत होतं ते दुकान.

"हात धुऊन घ्या," ती शेवटी म्हणाली. "जेवायला वाढते."

काय करणार, हे तिने विचारलं नाही. मिस्त्रींना वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी पिंट्या दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता. मिस्त्रींनी त्याला खड्ड्यात नेलं, फडक्यावर आठही शेल मांडले आणि जेवढं होतं तेवढं सांगितलं. पिंट्याने खरवडलेला शेल उचलून अंगठ्याने चाचपला.

"म्हणजे तेल होतं."

"पूर्ण होतं. मोजलं मी."

"हे तुम्हाला काल कळलं."

"काल चार वाजता."

"आणि मला घरी जायला सांगितलंत." तो ओरडला नाही, ओरडला असता तर सोपं गेलं असतं. "तीन रात्री झोपलो नाही मी. बायकोला म्हटलं, आता मला कोण घेणार? पोरीसमोर म्हटलं, दाजी. आणि मी तुम्हाला सांगितलं होतं की जड फिरतंय."

"सांगितलं होतंस."

"तुम्ही चप्पल म्हणालात."

"हो."

पिंट्याने शेल फडक्यावर जागच्या जागी ठेवला आणि तो पायऱ्या चढून निघून गेला.

मॅनेजरबाईंच्या खोलीत इस्त्रीची वाफ पार छतापर्यंत होती. मिस्त्रींनी कागद पुढे केला. त्यावर चार ओळी होत्या. बाईंनी त्या दोनदा वाचल्या.

"म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"पण दिवा लागल्यावर त्याने थांबायला हवं होतं."

"हवं होतं. थांबला असता तरी उघडल्यावर हेच निघालं असतं."

बाईंनी कागदाची कड सरळ केली. "त्याला ताकीद देऊन ठेवते. ही गाडी तुम्ही दुरुस्त करून द्याल."

"माझ्याच खर्चाने."

"आणि यापुढे..." त्या जरा थांबल्या. "चादरी वेळेवर पोचल्या नाहीत तर तिकडे ऑपरेशनं अडतात, मिस्त्री. तिन्ही गाड्या मी दुसरीकडे पाठवीन. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून नाही."

"समजतंय."

"समजलं नसतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वरही दमलेला होता. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

क्रँकच्या दोन्ही जागा घासून घ्यायला आणि नवे शेल यायला आठवडा गेला. कॅप बसवताना मिस्त्रींनी चष्मा लावला. तीनदा पुसावा लागला. शेवटचा नट कसून त्यांनी क्रँक फिरवली, तेव्हा ती एका हाताने सरळ फिरली, कुठेही न अडता.

पिंट्या गाडी न्यायला आला. त्याने सेल्फ मारला, इंजिन गरम होऊ दिलं, एक्सिलेटर दाबून सोडला. खालचा ठोका गेला होता. वर टॅपेट नेहमीसारखे टिकटिकत होते.

"ते वाजतंय ते?" त्याने खिडकीतून विचारलं. आठवड्यातलं त्याचं पहिलं वाक्य.

"टॅपेट. नव्या दुकानात सांग, ते बघतील. आणि काही जड वाटलं, तर त्यांनाही सांग."

"त्यांनी चप्पल म्हटलं तर?"

"दुसऱ्यांदा सांग."

पिंट्याने गिअर टाकला आणि क्लचवर पाय ठेवून बसून राहिला.

"ताईला म्हणावं, या रविवारी जेवायला येत नाही."

"सांगतो."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मिस्त्री तिथेच उभे राहून ऐकत होते. ती वळून रहदारीत मिसळली आणि तिचा आवाज बाकीच्या आवाजांतून वेगळा काढता येईना, तेव्हा ते वळले. खड्डा रिकामा होता. त्यांनी त्यावरच्या फळ्या एकेक करून ओढल्या आणि घरी फोन लावला. पिंट्या या रविवारी येणार नाही, पुढच्या रविवारी येईल बहुतेक, असं त्यांनी बायकोला सांगितलं. त्यातलं पुढच्या रविवारचं त्यांचं स्वतःचं होतं.