ग्यानबांच्या तीन फुंका

“हिच्या पोटात काही अडकू देऊ नका. अडकलं की फुंक आत जाते, आवाज बाहेर येत नाही.” फौजेच्या कोठारातल्या हवालदाराने मला ग्यानबांच्या हातावर ठेवताना असं बजावलं होतं. मी मनात हसले. माझ्या पोटात काय अडकणार?

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मला पत्र्यातून कापलं, वाकवलं, झाळून जोडलं आणि फौजेत पाठवलं. माझ्या एका आवाजावर शंभर रंगरूट धावायचे. एकाहत्तरच्या लढाईत तोफांनी ग्यानबांचे निम्मे कान नेले, तरी माझा आवाज त्यांना ऐकू यायचा.

फौज सुटली आणि आम्ही ग्यानबांच्या गावी, धनजला आलो. रोज संध्याकाळी ते अंगणात उभे राहून मला फुंकत. चारही लेकरं असतील तिथून धावत येत. सगळी ताटावर बसल्याशिवाय ग्यानबा घास मोडत नसत. पुढे कारंज्याच्या बाजारात नातू प्रसेनजित हरवला, तेव्हा ते एका बैलगाडीवर चढले आणि तो गर्दीतून रडत येईपर्यंत मला फुंकत राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरलेले कान म्हातारपणाने आधीच नेले होते. त्यांची बायको भागिरथा हिने मला त्यांच्या गळ्यात बांधलं आणि तीन बोटं दाखवून म्हणाली, “तीन डाव फुका. मी कुठीबी असो, येतो का नाई पाहा!” आणि ती यायची. पीठ भरल्या हाताने यायची.

गेल्या हिवाळ्यात भागिरथा गेली. त्याच महिन्यात प्रसेनजितच्या बायकोला, साक्षीला, सातव्या महिन्यातच बाळ झालं. मुठीएवढं. “याला दचकू देऊ नका,” डॉक्टर म्हणाले. बीएस्सी झालेली साक्षी बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत बसायची. मी वाजले की बाळ दचकायचं, रडून निळं पडायचं.

साक्षी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तिने मला त्यांच्या गळ्यातून काढलं, तर ग्यानबा दिवसभर छाती चाचपत रडले. मग तिने बाळाच्या सामानातला कापूस घेतला, केसातल्या पिनेने माझ्या पोटात ठासला आणि मला पुन्हा त्यांच्या गळ्यात घातलं. “घ्या आबाजी, तुमची शिट्टी!” ग्यानबांनी डावा हात कपाळाला लावून तिला सलाम केला.

त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते तीन फुंका मारत आणि दाराकडे बघत. कुणी आलं नाही, तर सदऱ्याच्या टोकाने मला पुसून पुन्हा तीन. त्यांना वाटायचं, मी वाजतेय. घर ऐकतंय आणि येत नाही.

सुरुवातीला साक्षी तासातासाने डोकावायची. मग बाळाला दात आले, ताप आला. तासाचे दोन तास झाले, मग सकाळ-संध्याकाळ.

एका सकाळी गादी ओली होती. प्रसेनजित वैतागला. “शिट्टी कायले अडकवली गळ्यात? वाजवाची ना, आबाजी! का हेही तुमाले शिकवाव लागते?” त्याचे हातवारे बघून ग्यानबांनी मला ओठाला लावलं आणि गाल फुगवून तीनदा फुंकून दाखवलं. “नुसती हवा सोडून राह्यला बुढा,” तो हसला. “जोरच नाही राह्यला.” दारात उभ्या साक्षीने तोंड उघडलं. पण बाळ नुकतंच झोपलं होतं. तिने तोंड मिटलं.

मग मे महिना आला. एका दुपारी ग्यानबांचा तांब्या कलंडून खाटेखाली गेला. पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता, बाळ आणि साक्षी झोपली होती. ग्यानबांनी तीन फुंका मारल्या. दाराकडे बघितलं. पुन्हा तीन. ओठ फुटले, मला रक्ताची चव लागली. चार वाजता साक्षी आत आली, तेव्हा मी त्यांच्या दातांत होते. ते दाराकडेच बघत होते.

“किती शांत गेले वो,” शेजारची जमनाबाई म्हणाली. “कोणाले आवाज नाही देला.”

आदरांजलीच्या सभेत त्यांचे फौजेतले सोबती फुलचंद उठले. “भाषणं बस झाले, बाबू. ग्यानबाची शिट्टी वाजव तीन डाव. मले आयकू दे.”

प्रसेनजितने फुंकलं. काही नाही. तोंड लाल होईस्तोवर फुंकलं. काही नाही.

“मालकासंग शिट्टीनंही जीव सोडला,” जमनाबाईने डोळे पुसले. सगळ्यांनी माना हलवल्या.

प्रसेनजितने मला उजेडाकडे धरलं. आत पांढरा धागा होता. त्याने साक्षीकडे बघितलं. तिने बाळ छातीशी घट्ट धरलं. बाळ आता कशालाच दचकत नव्हतं. ते हसत माझ्याकडे हात पसरत होतं.

मित्रांनो, आता माझ्या पोटात कापूस नाही. साक्षी मला रोज घासते, पण ओठाला कुणी लावत नाही. तुम्ही हे वाचायचं थांबवा आणि उठा. तुमच्या आतल्या खोलीत कुणी पडून असेल, तर आत्ता जाऊन या. हाकेची वाट बघू नका. तांब्या त्यांच्या हाताला लागतो का, तेवढं बघून या.