भिंगाखालचा गाल

मी एक भिंग बोलतो आहे. पण माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. असेल ते मोठे करून दाखवणे, एवढेच मला आयुष्यभर येत आले. त्यामुळे एखादी गोष्ट खरोखर तेवढी होती की माझ्या काचेतून तेवढी झाली, हे या वयात मला नीट सांगता येत नाही. तरी सांगतो. सांगायला आता दुसरे कोणी उरलेले नाही.

माझा जन्म कोरियातल्या देगू शहराचा. तिथे गल्लोगल्ली चष्म्याच्या काचा घासणारे कारखाने होते. मलाही तसेच घासघासून गुळगुळीत केले, पितळी कड्यात बसवले आणि खाली लाकडी मूठ लावली. घासल्याशिवाय काचेला नजर येत नाही, हा मी शिकलेला पहिला धडा. काचेपुरता तो खरा आहे. कातडीला तो लागू नाही, हे कळायला फार वर्षे गेली.

मला विकत घेतले प्यो सरांनी. ते समुद्रकाठच्या मोक्पो गावच्या कॉलेजात जुने चिनी ग्रंथ शिकवत. एका अक्षरात एक रेघ कमी आहे की ती किड्याने खाल्ली आहे, यावर त्यांची अख्खी संध्याकाळ जाई. गृहस्थ विद्वान, पण कशाचीच खात्री नसलेले. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की ते ओढून बघायला परत येत. मी इतकी वर्षे त्यांच्या हातात राहिलो की तो रोग मलाही जडला.

ते निवृत्त झाले आणि माझे काम कमी झाले. टेबलावर पडून धूळ खात असताना एके दिवशी मला त्यांच्या पत्नीने, बोंगसुनने उचलले.

बोंगसुन मिठागराच्या बेटावरची. लहानपणी बापाबरोबर तिने मीठ ओढले होते. वरून ऊन आणि खालच्या पांढऱ्या मिठावरून उसळी मारणारे ऊन. सून म्हणून घरात आली त्या दिवशी सासूने पाहुण्यांसमोर म्हटले होते, पोरगी चांगली आहे, फक्त जरा जास्त भाजली गेली. ते वाक्य ती कधी विसरली नाही. सासू गेली, तरी वाक्य राहिले.

त्या वर्षी गावच्या विरंगुळा केंद्रातल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे ठरले. आमच्याकडे माणूस हिंडता-फिरता असतानाच त्याचा दीर्घायुष्याचा फोटो काढून ठेवतात. नाव दीर्घायुष्याचे, लागतो मयताच्या दिवशी, उदबत्तीच्या मागे मांडायला. बोंगसुनला आयुष्य वाढवून नको होते. तिला चेहरा हवा होता. नातवंडे पुढे वर्षानुवर्षे तोच बघणार, त्यांच्यासमोर वाळलेले बोर कशाला ठेवायचे, असे ती म्हणे.

तेव्हापासून माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. घरोघर क्रीम विकणारी चुनजा दर आठवड्याला येई, चपला काढता काढताच बोलायला लागे. ती आणील त्या बाटलीवरची बारीक अक्षरे बोंगसुन माझ्यातून वाचत असे. मी अक्षरे दाखवली. अर्थ तिचे तिने लावले. महाग ते आतपर्यंत जाते. चुरचुरते म्हणजे लागू पडते आहे. एकाने उतार पडला नाही तर त्यावर दुसरे चोपडावे. चुनजाने एकदा उन्हापासून जपायचेही क्रीम पुढे केले, तेव्हा बोंगसुनने ते परत सरकवले. आपण आधीच भाजलेलो, आता राखायचे काय, म्हणाली. मग रात्रीचे क्रीम लावलेला तोच चेहरा घेऊन ती सकाळी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला जाई आणि दुपार कलेपर्यंत तिथेच बसे.

आणि न्हाणीघर. गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात बायका हिरव्या खरखरीत फडक्याने अंग घासतात, मळाच्या वळ्या निघेपर्यंत. पाठ घासायची असते, तोंड नाही. बोंगसुन तोंडही घासून येई. जुनी कातडी गेली की खालून नवी येते, हा तिचा हिशोब. लालबुंद होऊन आली की मला गालासमोर धरून आरशात बघे. मी काय दाखवणार? घासलेली म्हातारी कातडी दाखवली.

तिथेच, डाव्या डोळ्याच्या खाली, तो डाग होता. इतर डाग तपकिरी आणि सपाट. हा मात्र किंचित वर आलेला, मोत्यासारखी चकाकती कडा असलेला. खपली धरे, पडे, थोडे रक्त येई, पुन्हा धरे. बोंगसुनने त्यावर चुनजाचे सगळ्यात महाग औषधी पाणी सुरू केले. डाग जास्तच चिघळला.

ती घाबरली. चुनजा मात्र खूश झाली, निदान मला तसे आठवते.

"ताई, हीच तर खूण. बरं व्हायच्या आधी बिघडतंच. आतलं वाईट वर येतंय, येऊ दे. आत्ता थांबवलंस तर सगळं फुकट."

आमच्या लोकांचा यावर फार जुना विश्वास. काढा घेऊन उलटी झाली, मालिशीनंतर ताप आला, वैद्याने टोचलेल्या सुयांनी भोवळ आली, की लोक म्हणतात, लागू पडले. बोंगसुनने सरांना विचारले. सरांनी वर न बघताच एका जुन्या ग्रंथाचा दाखला दिला. औषध अंगावर आल्याशिवाय रोग जात नाही, असे शहाण्यांनी लिहून ठेवले आहे म्हणाले. झाले. चुनजाला विद्वानांचा पाठिंबा मिळाला.

केंद्रातल्या एका बाईने डॉक्टरकडे जायला सुचवले होते. बोंगसुनने ते उडवून लावले. डॉक्टर कापणार, पट्टी बांधणार, मग फोटोत काय बसायचे? फोटो होऊ दे, मग बघू.

फोटोच्या दिवशी दोघे सणाचे कपडे घालून केंद्रात गेले. डागावर तिने रंगाचे दोन थर दिले होते. मी घरीच होतो, त्यामुळे तिथे काय घडले ते मला माहीत नाही. एवढेच कळले की फोटोवाले योम यांनी दोघांना शेजारी-शेजारी बसवून एकेकाचा फोटो घेतला.

पुढच्या आठवड्यात फोटो घरी आले. योमनी फोटोवर हात फिरवला होता; बोंगसुन पन्नाशीची दिसत होती. सुरकुती नाही, डाग नाही, मिठागर नाही. ती फोटोवरून बोट फिरवत राहिली. सरांनी मला उचलले आणि सवयीने एकेक जागा तपासली. मग मला फोटोवरून काढून तिच्या गालासमोर धरले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

"काय बघताय?"

"हलू नकोस."

"पोथीत किडा सापडला की असंच तोंड होतं तुमचं."

सरांनी मला पुढेमागे केले. काचेत गाल हलत होता. त्यांनी डागाची कडा पुरती फिरून बघितली. मग म्हणाले, "अगं, मी चुकीचा दाखला दिला. हे बरं होत नाहीये. हे वाढतंय."

ती चिडली. इतकी वर्षे तोंडाकडे बघितले नाही आणि आता बघितले तर खोट काढायला, असे बरेच बोलली. सरांनी बसची वेळ दोनदा तपासली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तिला ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले.

तो कातडीचा कर्करोग होता. हळू चालणारा, पण पापणीच्या कडेपर्यंत आलेला. डॉक्टरांनी सांगितले म्हणे, की क्रीमने हे झालेले नाही. हे उन्हाने झाले, लहानपणीच्या आणि गच्चीवरच्याही. क्रीमने फक्त उशीर केला. डोळा वाचला. खालच्या पापणीचा एक तुकडा आणि गालाचे मांस गेले, आणि नाकापासून कानाकडे जाणारा एक व्रण राहिला.

त्यानंतर बोंगसुन गच्चीवर जाताना मोठी टोपी घाले, पावसाळी दिवशीसुद्धा. चुनजा येत राहिली. दोघी आंबवायच्या तिखट कोबीचे, किमचीचे मडके भरत, क्रीमचा विषय निघत नसे. फोटो कापडात गुंडाळून कपाटात गेले.

आधी कापड सुटले ते सरांच्या फोटोचे. हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मयताच्या खोलीत पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध फोटो ठेवला, लोक वाकून नमस्कार करू लागले, शेजारच्या खोलीत आंबवलेल्या माशाची ताटे वाढली जात होती. बोंगसुनने पिशवीतून मला काढले आणि फोटोपाशी गेली. सुनेने तिला मागे ओढले. ती म्हणाली, "थांब गं. मी माझा नवरा शोधतेय."

कपाळावर विचाराच्या रेघा होत्या, त्या नव्हत्या. पापण्यांच्या पिशव्या नव्हत्या. टरफल काढलेल्या उकडलेल्या अंड्यासारखे तोंड आणि समोर रोखलेले, कसलीही शंका नसलेले डोळे. मी शक्य तेवढे मोठे करून दाखवले. पण असेल तेच मोठे होते. पुसलेले मला दाखवता येत नाही.

आता बोंगसुनही नाही. तिने मरणाआधी स्वतःचा फोटो नवा काढून घेतला, व्रणासकट, आणि नातवंडांनी तोच मांडला. मी सुनेच्या खणात शिवणाच्या सुयांबरोबर असतो. कडे सैल झाले आहे, काचेला एक ओरखडा आहे. थकलो आहे. तुमच्याकडे एखादे भिंग असेल तर ते बाटल्यांवर कमी धरा आणि जवळच्या माणसाच्या तोंडावर अधूनमधून धरा, एवढेच मागणे आहे. मलाही हे उशिराच कळले.

एक गोष्ट राहिली. सरांना जाऊन काही वर्षे झाल्यावर योमनी दुकान बंद केले, तेव्हा त्यांच्याकडे हात न लावलेले जुने फोटो सापडले. ते स्वतः सरांचा फोटो घेऊन घरी आले. म्हणाले, सर काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेनात, म्हणून आम्ही नंतर डोळे सरळ करून बसवले होते. बोंगसुनने मला त्या फोटोवर धरले. मी खात्री करून घेतली. सर्व सुरकुत्या जागच्या जागी होत्या, आणि डोळे बाजूला वळलेले होते, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या डाव्या गालाकडे.