दोन मिनिटांच्या थांब्यावरची पेटी

मी एक फौजी पेटी बोलतेय. काळ्या पत्र्याची, दोन्ही अंगांना कड्या असलेली; पलटणीतल्या पोरांच्या खाटेखाली सरकवलेली असते तसली. पण आता मी कुणाच्या खाटेखाली नसते. सांगली आणि कराडच्या मधे, उसाच्या फडांना लागून एक लहानसं स्टेशन आहे. तिथल्या फलाटावर मी असते. गाडी तिथं दोन मिनिटं थांबते. माझ्या आयुष्यातलं सांगण्यासारखं जे काही आहे, ते त्या दोन मिनिटांत आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात घडलं.

माझा जन्म साताऱ्यातला. एका कारागिराने हातोडीने ठोकून मला आकार दिला आणि दोन दिवस उन्हात रंग वाळवला. भरती झालेल्या विश्वजीतने मला घेतलं, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहून घेतला. त्याच्याबरोबर मी बारा वर्षं हिंडले. जोधपूरच्या उन्हात तापले, आसामच्या ओलीत गंजले. गाडीत चढायचं म्हणजे विश्वजीतने मला एका झोक्यात खांद्यावर टाकायचं आणि दारातून आत ढकलायचं. गाडीत चढणं अवघड असतं हे मला माहीतच नव्हतं.

मागच्या सुट्टीत तो मला गावी ठेवून गेला. पुढे त्याला अंबाल्याला राहायला क्वार्टर मिळालं, पण न्यायला यायला सुट्टी मिळेना. मग फोनवर ठरलं, की त्याची बायको क्रांती पोरांना घेऊन एकटीच येईल. पोरं दोन. प्रांजल चार वर्षांची, शंभूराज दहा महिन्यांचा. माझ्या पोटात पोरांचे कपडे, बाळाची दुपटी, पातेली आणि शेजाऱ्यांना द्यायला तासगावचा बेदाणा भरला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी विश्वजीतची आई मनुबाई म्हणाली, "आवं, मिरजेला नेऊन बसवा तिला. तिथं गाडी निवांत थांबती. हितं दोन मिनिटांत ती दोन लेकरं घिऊन कशी चढायची?"

विश्वजीतचे वडील नाथाजी हसले. बासष्टीचा गडी, ऊस तोडून खांदे अजून टणक. "दोन मिनिटं म्हंजे लय झाली. मी हाय न्हवं संगं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही फलाटावर होतो. मला खांद्यावर घेऊन नाथाजी, कडेवर बाळ घेतलेली क्रांती आणि तिचा पदर धरून प्रांजल. डबा कुठं येणार हे सांगणारी पाटी तिथं नव्हती. कुणी म्हणालं पुढं, कुणी म्हणालं मागं. शेवटी सावली बघून आम्ही लिंबाखाली थांबलो. फलाट जुना, रुळांच्या जवळजवळ बरोबरीचा.

गाडी आली आणि आमचा डबा आमच्या डोळ्यांसमोरून पुढं निघून गेला.

"पळ, क्रांते!" नाथाजी ओरडले.

आम्ही पळालो. मी खांद्यावर आदळत होते, माझ्यातली पातेली खणखणत होती. प्रांजलची एक चप्पल निघाली, ती घ्यायला ती मागं वळली. नाथाजींनी तिला दंडाला धरून ओढलं. चार डबे पुढं गेल्यावर त्यांचा दम संपला. आमचा डबा अजून तीन डबे लांब होता.

"ऱ्हाऊ दे! घावंल त्या दारानं चढा!"

समोर दार होतं. पण गाडीची खालची पायरी क्रांतीच्या कमरेशी. नाथाजींनी मला बगलेत धरून दुसऱ्या हाताने प्रांजलला उचललं. "घ्या वं हिला वर!" दारातल्या गर्दीतून दोन हात आले आणि पोरगी आत गेली. आता क्रांती. तिने एका हाताने दांडी धरली, पाय उचलला, पण कडेवरच्या बाळासकट तो पायरीपर्यंत पोचेना. एकदा, दोनदा.

तेवढ्यात गाडीने हिसका दिला.

दांडी क्रांतीच्या हातातून सुटली. प्रांजल जिथून आत गेली ते दार हळूहळू पुढं सरकू लागलं. आतून आवाज आला, "आई!" आणि क्रांतीने जी किंकाळी फोडली ती माझ्या पत्र्यातून आरपार गेली.

नाथाजींनी मला जमिनीवर आपटलं. "पेटीवर चढ! पेटीवर!"

क्रांतीचा पाय माझ्या झाकणावर पडला. तिच्या टाचेचा पोचा अजून माझ्यावर आहे. मागचा डबा, जनरलचा, आमच्यासमोर येत होता. त्याच्या दारात एक बाई उभी होती. तिने आधी बाळ उचललं. मग क्रांतीचं मनगट धरलं, नाथाजींनी खालून रेटा दिला आणि माझ्यावरचं वजन एकदम नाहीसं झालं.

गाडी गेली. रूळ थरथरायचे थांबले. मी आणि नाथाजी तिथंच राहिलो.

ते माझ्यावर बसले. खिशातला फोन वाजला. क्रांतीच होती.

"आबा, मधलं दार बंद हाय. लोखंडी शटर हाय. मला पलीकडं जाता येत न्हाई! साखळीपतुर बी गर्दीत हात पोचंना!"

"बाळ?"

"बाळ हाय माझ्यापाशी. माझी प्रांजल, आबा... ती मला हुडकत दारात यील. चालत्या गाडीत दारात यील ती..."

फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना.

नाथाजी उठले आणि मला तिथंच टाकून स्टेशन मास्तरांच्या खोलीकडे धावले. खोली जवळच होती, खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. मास्तर तरुण होते, पण गोंधळले नाहीत. त्यांनी गाडीच्या गार्डला वॉकीटॉकीवर हाक मारली. उत्तरात नुसती खरखर आली. मग कराडला फोन लावला.

"मुलगी चार वर्षांची. कोणता डबा?" त्यांनी नाथाजींकडे वळून विचारलं.

"जनरलच्या म्होरचा."

"कपडे कसले आहेत? ओळखायची कशी?"

सकाळपासून ती पोरगी त्यांच्या मांडीवर होती, पण फ्रॉकचा रंग आठवेना. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी घरी फोन लावला.

"मने, पोरीला आज काय घातलं हुतंस?"

"का वं? असं का इचारता?"

"काय न्हाई. सहज."

"पिवळा फराक. पायात पैंजण. बसली न्हवं नीट? दोघं बी?"

"बसली," नाथाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग वाट बघणं सुरू झालं. कराडला पोचायला वीस-बावीस मिनिटं. मास्तर फोनपाशी, पॉइंट्समन केरबा हातातली हिरवी झेंडी गुंडाळत दाराशी, आणि नाथाजी पुन्हा माझ्यावर येऊन बसलेले. मधेच फोन वाजला. पडद्यावर वर्दीतल्या विश्वजीतचा फोटो. नाथाजींनी बघितलं आणि उचलला नाही. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला.

"उचला की, आबा," केरबा म्हणाला.

"काय सांगू त्याला? तुझी पोरगी मी हातानं गाडीत टाकली आन् सोडून दिली म्हनून सांगू?"

केरबा त्यांच्या शेजारी खाली बसला. बारा वर्षांत मी पुष्कळ माणसांचं वजन सोसलं आहे. पलटणीतली पोरं माझ्यावर बसून घरची पत्रं वाचायची. पण त्या दुपारी नाथाजी माझ्यावर बसले होते, तसं कुणी बसलं नव्हतं. जराही न हलता. जणू हललं तर पलीकडं काही सुटेल, काही पडेल.

मास्तरांचा फोन वाजला. ते काहीतरी बोलले, पण नाथाजी उठले नाहीत. उठायचं त्यांना धाडस होईना. तेवढ्यात त्यांच्याच हातातला फोन थरथरला.

आधी नुसतं रडणं ऐकू आलं. क्रांतीचं. नाथाजींनी डोळे मिटून घेतले.

"घावली, आबा," ती म्हणाली. "घावली..."

मग एक बारीक आवाज. "आबा, मला एका आजीनं भडंग दिलं. ती म्हनली, दारात जायाचं न्हाई. मी रडलेच न्हाई. आई लय रडली."

त्या आजींनी पोरीला खिडकीकडे बसवून कराड येईस्तोवर तिचा हात सोडला नव्हता. जनरलच्या दारातली बाई, माया तिचं नाव, तिने बाळाला आपल्या ओढणीत गुंडाळलं, कारण त्याची दुपटी माझ्या पोटात राहिली होती. पुढे पुण्यापर्यंत ती त्यांच्याबरोबर होती. हे सगळं मला नाथाजींच्या फोनवरून कळलं.

घरी गेल्यावर नाथाजींनी मनुबाईला खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना तिने एवढंच विचारलं, "दुसरी कोन बाई तितनं चढायची असंल, तर तिनं काय करायचं?"

माझ्यातलं सामान सुट्टीवरून परतणाऱ्या एका जवानाबरोबर अंबाल्याला गेलं. मला मात्र नाथाजींनी मलकापूरला नेलं. तिथल्या सुताराने माझ्या आत आधाराला लाकडाचे ठोकळे बसवले, वर बाभळीची जाड फळी ठोकली आणि फळीवर पाय घसरू नये म्हणून जुन्या टायरची पट्टी मारली. पुन्हा मी फलाटावर आले.

ते काही सोपं गेलं नाही. महिन्याभरात तपासणीला एक साहेब आले. "गाडीच्या इतकं जवळ हे असलं काही ठेवता येणार नाही. उद्या कुणी अडखळलं तर?" साहेब चुकीचं बोलत नव्हते. मास्तरांनी बरंच समजावलं. अखेर ठरलं, की मी एरवी भिंतीला साखळीने बांधलेली असेन. गाडी पूर्ण थांबली, की केरबा मला दारापाशी ठेवील आणि सुटायच्या आत उचलील.

नाथाजी आता रोज दुपारी लुनावरून येतात. लेकरंवाली बाई दिसली, की आधी तिचा डबा विचारतात. कोणता डबा कुठं थांबतो, ते त्यांनी आणि केरबाने आठवडाभर बघून भिंतीवर चुन्याने लिहून ठेवलंय. आणि चढवायचा क्रम त्यांनी बदललाय.

"आधी आई वर," ते प्रत्येकीला बजावतात. "मग लेकरू तिच्या हातात. लेकराला एकटं वर द्यायचं न्हाई. कुनी कितीबी घाई करू दे."

हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा तापट आहे. मला माहीत आहे, ते कुणावर चिडतात.

माझा पत्रा आता खालून कुजत आलाय. एका बाजूची कडी निखळली आहे. फलाटाच्या टोकाला खडी येऊन पडली आहे. लोक म्हणतात, उंची वाढवायचं काम सुरू होणार आहे. बाकीच्या वस्तू आपण टाकून दिलं जाऊ म्हणून भितात. माझं उलटं आहे. तो फलाट लवकर उंच करा, डब्यांच्या पाट्या लावा आणि मला भंगारात द्या. माझ्यावाचून एक बाई कडेवरच्या पोरासकट सहज गाडीत चढली, एवढं मला बघू द्या.

पण ते होईपर्यंत, गाडीच्या दारात उभं राहणाऱ्या माणसांनो, तुम्हाला एक विनवणी आहे. लहान स्टेशन आलं, की दारातल्या पिशव्या आत सरकवा आणि खाली बघा. मी फक्त हातभर उंच आहे. उरलेलं अंतर तुमच्या हातांनी भरायचं आहे.

सिग्नल पडला. लिंबाखाली एक बाई उभी आहे, दोन्ही कडेवर जुळी. केरबा माझी साखळी सोडतोय.