समुद्रकाठची स्वस्ताई

थायलंडच्या समुद्रकाठी राहून महांतेशनं तीन वर्षांत एकच धंदा इमानदारीनं केला होता, तो म्हणजे फेकाफेकी. तशी नोकरी होती. एका मोठ्या हॉटेलाच्या हिशेबखात्यात बसून तो परक्यांच्या दारूची बिलं तपासायचा. पण कळंबच्या माणसाला बाहेरदेशी जाऊन नुसती नोकरी करून भागत नाही, मागं राहिलेल्यांना जळवावंही लागतं. म्हणून दर रविवारी तो किनाऱ्यावर जायचा, पाठीशी निळं पाणी घ्यायचा, हातात शहाळं धरायचा आणि भावकीच्या ग्रुपवर व्हिडिओ सोडायचा. "मंडळी, पन्नास हजारात आमी तिघं राजावानी राहतो. पुण्यात तेवढ्यात गाडी लावायला जागा मिळत न्हाय!"

त्यातलं शहाळं तेवढं खरं होतं. समुद्र घरापासून स्कूटरवर अर्ध्या तासावर. पाण्याकाठची घरं रशियनांनी आणि म्हाताऱ्या गोऱ्यांनी धरलेली. महांतेशच्या खिडकीतून दिसायची ती लाँड्रीची भिंत, आणि तिच्यावर वाळणाऱ्या हॉटेलाच्या चादरी. पोरीच्या इंग्रजी शाळेची फी, व्हिसा, विमा, सगळेच खिशात हात घालून बसलेले. आणि सगळ्यात मोठा खड्डा पोटाचा. त्या मुलखात स्वस्त काय, तर मासे. तळलेले, उकडलेले, वाळवलेले. नुसती कोबी मागितली तरी वरून माशाचं पाणी शिंपडून देणार. महांतेशच्या गळ्यात लिंग, आणि सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही. ज्वारीचं पीठ एकाच दुकानात मिळायचं. पहिल्यांदा भाव ऐकला तेव्हा त्याला वाटलं, दुकानदार पोत्याचा सांगतोय. तो किलोचा निघाला. लिंगायताच्या पोरानं स्वस्ताई शोधायला कोळ्यांच्या मुलखात जावं, याला कुणी अक्कल म्हणत नाही.

त्यात मार्चनंतर करार वाढवणार नाही, असं हॉटेलानं गोड हसून सांगितलं होतं. महांतेशनं मनाशी ठरवलं, परत कळंबला जायचं. खाली अप्पांचं आडत दुकान आहे, वर चार खोल्या आहेत, भाडं नाही, पोरीला तिथलीच शाळा. फक्त हे घरी सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायच्या आत अप्पांनी त्याची पार वाट लावली. ते घर विकायला काढून बसले.

शांतलिंगअप्पांनी पोराचे व्हिडिओ धान्याच्या मोंढ्यात बसून हमालांसकट सगळ्यांना दाखवले होते. दाखवता दाखवता ते स्वतःच भुलले. दुकान खोल्यांसकट विकायचं, पैसे बँकेत ठेवायचे आणि व्याजावर पोराजवळ समुद्रकाठी बसायचं, असा त्यांचा बेत. लातूरहून त्यांनी दोन हाफपँटीसुद्धा आणल्या, आणि सवय व्हावी म्हणून रोज सकाळी त्या घालून गच्चीवर फिरू लागले. शेजारच्या बायकांनी वाळवणं घालायचं बंद केलं. "समुद्र बघायला निघालाव का समुद्राला दाखवायला?" असं इरम्मानं विचारलं, पण चाळीस वर्षांच्या संसारात तिचा सल्ला अप्पांनी कधी मानला होता, की आता मानतील!

गिऱ्हाईक होतं ढोकीचा रणधीर. कारखान्याला उसाचे ट्रॅक्टर लावून लावून त्याच्याकडे एवढा पैसा झाला होता की तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. सौदा करायचं ठरलं येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी, अप्पांच्या रानात. त्या अवसेला कळंबात कुत्रंही सापडत नाही; अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचं, आणि बांधावरून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला धरून धरून जेवू घालायचं. नको म्हणणारा वैरी.

महांतेश येळवशीसाठीच बायको-पोरीला घेऊन आला होता. रानात जाताना मोटारसायकलवर मागं बसलेल्या बायकोनं, शिवप्रियानं, त्याच्या कानात सांगितलं, "आज बोला. न्हायतर मी बोलते. आन मी बोलले तर लाँड्रीपासून सगळं सांगीन."

"सांगतो की. जेवणं होऊ दे."

"जेवणं झाल्यावर तो रणधीर इसाराचे पैसे देनार. मंग काय सांगताव?"

रानात पोचल्यावर त्यानं खरंच प्रयत्न केला. अप्पा पूजेला बसले तेव्हा जवळ जाऊन "अप्पा, जरा बोलायचं होतं" म्हणाला. अप्पांनी त्याच्या हातात नारळ दिला. पूजा झाल्यावर पुन्हा गेला, तर चुलत्यानं खांद्यावर हात टाकून विचारलं, "मालक, तिकडं एखादी नोकरी बघा की आमच्या पोराला. पन्नास हजारात राजावानी राहील बिचारा." मग शेजारच्या बांधावरून हाक आली, तिथं जेवावं लागलं. तिथून पुढच्या बांधावर. महांतेशला जेवायला फार आग्रह करावा लागत नव्हता. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, वरून माठातली थंड आंबील. तीन वर्षं उपाशी राहिलेला माणूस पत्रावळीवर तुटून पडला. स्वतःच्या कोपीकडं परत येऊन त्यानं पुन्हा मांडी ठोकली तेव्हा इरम्मा वाढता वाढता थांबली.

"तिकडं खायला घालत न्हायत का रं तुला?"

"घालतेत की, अव्वा."

"काय घालतेत ते दिसायलंय," ती म्हणाली आणि आणखी दोन उंडे टाकले. त्यानं मान खाली घालून तेही संपवले.

तेवढ्यात रणधीरची पांढरी गाडी बांधापर्यंत आली. त्यालाही आधी जेवू घातलं. मग भावकी कोपीभोवती गोल करून बसली, आणि अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर पसरलं.

अप्पा जुन्या मोंढ्यातला माणूस. चारचौघांत आकडा उच्चारणं त्यांना उघड्यावर अंघोळ करण्यासारखं वाटायचं. हाफपँटीचं मात्र त्यांना काही वाटत नव्हतं. सौदा करायचा तो उपरण्याखाली. घेणाऱ्यानं हात आत घालायचा, देणाऱ्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे काय, तेवढं आधी तोंडानं ठरवायचं. आणि उपरण्याखालचा आकडा उपरण्याखालीच राहतो. तो कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. या रीतीवर अप्पांनी चाळीस वर्षं तूर आणि हरभरा विकला होता. महांतेशही लहानपणी गुळाचा खडा जिंकायला बापाशी असाच खेळायचा.

"बोट दहा लाखाचं," अप्पा म्हणाले. रणधीरनं हात आत घातला. उपरणं हललं. अप्पांनी मान हलवली, नाही. पुन्हा हललं. अप्पा जरा हसले. शिवप्रियानं पलीकडून महांतेशकडं असं बघितलं की त्यानं हातातला उंडा परत पत्रावळीवर ठेवला. आणखी एकदा उपरणं हललं की घर जाणार होतं. मार्चात पेट्या घेऊन कळंबच्या स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाल्याला कुठं घे म्हणून सांगायचं? आणि हा म्हातारा तिकडं येऊन लाँड्रीच्या भिंतीसमोर हाफपँटीत बसणार?

तो उठला, खरकटा हात पायजम्याला पुसला आणि दोघांच्या मधे जाऊन बसला.

"अप्पा, माझा बी एक भाव ऐका."

भावकीत कुजबूज झाली. रणधीरनं चमकून हात बाहेर काढला. "आँ? घरातच गिऱ्हाईक?"

महांतेशनं उपरण्याखाली हात घातला. बापाचा हात गरम होता आणि चुन्यानं खरखरीत झालेला. "बोट दहा हजाराचं," तो म्हणाला. "महिन्याला."

"भाड्यानं मागतोय जनू," कुणीतरी म्हणालं.

महांतेशनं बापाचा पुरा पंजा धरला. पन्नास. अप्पांनी मान डोलावली. हा आकडा त्यांना व्हिडिओतून पाठ होता. महांतेशनं हात सोडला आणि पंजा पुन्हा धरला. अप्पांच्या भुवया वर गेल्या. त्यानं पुन्हा सोडला आणि तिसऱ्यांदा धरला, घट्ट, आणि मग सोडलाच नाही. दीड लाख, महिन्याचा खर्च. तोंडानं तीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते हातानं एका दमात सांगून झालं. पगार किती, हे अप्पांना माहीत होतं. वजाबाकी करायला त्यांना कागद कधीच लागला नाही.

अप्पा पोराच्या तोंडाकडं बघत राहिले. ते ओरडतील, असं महांतेशला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याऐवजी उपरण्याखाली अप्पांचा हात फिरला. त्यांनी पोराची करंगळी चाचपली आणि तिचं फक्त वरचं पेर चिमटीत धरलं. मग तोंडानं, अगदी हळू, म्हणाले, "महिन्याला. दुकान."

महांतेशला क्षणभर उमगेना. मोंढ्यात वरचं पेर म्हणजे अर्धं बोट. अर्धं बोट म्हणजे पाच हजार. "दुकान झकास चाललंय, तू काळजी करू नको," असं दर फोनवर सांगणारा हा माणूस महिन्याला पाच हजार कमवत होता. म्हणजे म्हाताऱ्याला समुद्राची हौस नव्हती. पन्नास हजारात तिघं राजासारखे राहतात, तर त्यात आणखी दोन पोटं भागतील, एवढाच त्याचा हिशेब होता. महांतेशला लाज वाटली, रडू आलं आणि हसूही आलं. खाण तशी माती. फेकण्यात बाप त्याच्या वरचढ निघाला होता.

"अप्पा, काय ते बोला," रणधीर म्हणाला. "मला बी चार रानात जेवायला जायचंय."

अप्पांनी घसा साफ केला. "सौदा झाला, रणधीर. पोरानं जादा भाव दिला."

शिवप्रियाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. चुलता म्हणाला, "बघा, ह्याला म्हणतेत फॉरेनचा पैसा!" रणधीरचं तोंड उतरलं. "जादा म्हंजी किती? म्या बी वाढवतो की."

"उपरण्याखालचं इचारतूस व्हय रं?" अप्पा म्हणाले. रणधीरनं जीभ चावली. पैसेवाला असला तरी माणूस इथलाच होता.

पण अप्पांनी हात काढला नव्हता. उपरण्याखाली त्यांनी पोराचं एक बोट धरलं. मग दुसरं. मग तिसरं, सगळ्यात हळू, लहान पोराचं बोट धरावं तसं. महांतेशनं समोर बघितलं. शिवप्रिया उभी होती, पोर, शिवगंगा, तिच्या पदराला तोंड पुसत होती. तीन. ही बोटं हजाराची नव्हती, लाखाचीही नव्हती, घरी परत येणाऱ्या माणसांची होती. त्यानं बापाची तीन बोटं धरली आणि दाबली.

"आता आनखी काय भाव वाढवताव बापलेक?" रणधीर वैतागून म्हणाला.

"वाढवत न्हाय," अप्पा म्हणाले. "पक्का करायलोय."