तेवीस तळ्यांचा पाडा

२००४च्या मे महिन्यात आमच्या पाड्यावर तेवीस घरं होती, तेवीस तळी होती, आणि प्यायला पाणी नव्हतं.

तळी उपग्रहाला दिसली होती. धसईच्या वरच्या अंगाला, इतक्या आडबाजूला, तो एकटाच नेमानं येऊन जायचा. आम्ही विहीर मागितली, तर मुरबाडच्या कचेरीतून उत्तर आलं : एवढी तळी असताना विहीर कशाला?

कागदावर आहेत म्हटल्यावर मी रोज दुपारी डोळे मिटून एकेका तळ्यात पोहून यायला लागलो. सातव्यात कमळं होती. धोंडीबाई काकू मात्र दोन हंडे घेऊन तासभर लांबच्या झऱ्यावर जात राहिली. तिची कंबर गेली होती. एक दिवस म्हणाली, "जीवन, चल रे, माझं तळं तरी बघून येऊ."

मुरबाडला साहेबांनी चित्र टेबलावर पसरलं. झाडं लाल, पाणी काळं. हिरवळ ओळखायला असेच रंग देतात म्हणाले. काकू वाकली. बराच वेळ आभाळातून खाली बघत राहिली. मग एका काळ्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो माझा राब. बाजूचा वाळूदादाचा. मेला दरसाल वाकडाच भाजतो."

भाताचं रोप टाकायच्या आधी आम्ही त्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून जाळतो. घरटी एक राब. वरून राख आणि पाणी सारखंच काळं दिसतं, हे साहेबांनी खालच्या आवाजात कबूल केलं.

"मग ही लाल रेघ? मे महिन्यात एवढी हिरवळ कशी?"

"उंबर हायत ते, वळीनं. खालनं पाणी जातं ना." काकूनं पदर खोचला. "येवढं बघाया आभाळात कशाला चढायचं वो सायब? मला इचारायचं."

"तुमचं नाव विचारायच्या यादीत नव्हतं," साहेब म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या रेघेवरच विहीर खणली. अठरा हातांवर पाणी लागलं. सगळा पाडा काठावर ओणवा झाला, तशी काकू ओरडली,

"सरका रे! डोकी काढा मधनं. वरच्याला दिसंल कसं?"

आम्ही मागं सरलो. गढूळ पाणी निवळत गेलं, त्यात आभाळ उतरायला लागलं. अर्धा तास कुणीच हंडा बुडवला नाही.